‘मूत्रल’ : अर्थ आणि आयसीयूतला वापर

प्रश्न : सेप्सिसच्या (संसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागण्याच्या) रुग्णांच्या नातेवाइकांसाठीच्या माहितीपत्रकात ‘मूत्रपिंड सुरू करण्यासाठी मूत्रल दिले जाते’ असं वाक्य आहे. ‘मूत्रल’ लोकांना कळेल का? शिवाय ‘तीव्र मूत्रपिंड इजा’ हा शब्दप्रयोग ठेवावा का?

उत्तर १ : ‘मूत्रल’ म्हणजे लघवीचं प्रमाण वाढवणारं. शब्द चांगला आहे, पहिल्यांदा येईल तिथे ‘लघवी वाढवणारं औषध’ असं जोडा. पण वाक्य चुकीचं आहे आणि ते बदलायलाच हवं. फ्युरोसेमाइड हे नेहमीचं मूत्रल मूत्रपिंडातल्या मूत्रनलिकेच्या हेन्ले वळशात (नलिकेच्या यू-आकाराच्या भागात) मीठ परत शोषलं जाणं रोखतं. ते मीठ लघवीत राहतं आणि पाणीही सोबत जातं. मूत्रपिंडाची इजा त्याने भरून येत नाही. लघवी वाढली तरी रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंड बाहेर टाकतं तो टाकाऊ पदार्थ) चढतच राहू शकतं. केडिगो (KDIGO) या मूत्रपिंडविकारांवरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१२च्या मार्गदर्शक सूचनांनुसार या इजेवर उपचार म्हणून मूत्रल देऊ नये. अंगात पाणी जास्त झालं असेल तर अपवाद. म्हणून असं लिहा : ‘शरीरात साठलेलं जास्तीचं पाणी काढण्यासाठी लघवी वाढवणारं औषध दिलं जातं.’

उत्तर २ : ‘तीव्र’ नको. वाचणारा त्याचा अर्थ ‘फार गंभीर’ असा घेतो. इथे अर्थ आहे अचानक, काही तासांत किंवा दिवसांत झालेली. ४८ तासांत क्रिएटिनिन ०.३ मि.ग्रॅ./डेसिलिटरने वाढलं, किंवा सलग ६ तास लघवी ताशी किलोमागे ०.५ मिलीपेक्षा कमी झाली, तरी निदान होतं. तो पहिलाच टप्पा असतो. ‘अचानक झालेली मूत्रपिंडाची इजा’ हे सरळ आहे.

आणखी एक जोडी जपून वापरा : ‘लघवी कमी होणं’ आणि ‘लघवी तुंबणं’. तुंबलेली लघवी तयार झालेली असते, बाहेर येत नाही. कॅथेटर (लघवीची नळी) मुडपला किंवा गुठळीने बंद झाला तर पिशवी रिकामीच दिसते, आणि अशा वेळी मूत्रल देऊन मूत्राशय आणखी फुगतं. म्हणून आधी नळी तपासायची, गरज पडली तर मूत्राशयाची सोनोग्राफी.

उत्तर ३ : क्रमही लिहा. सुरुवातीला रक्तदाब पडलेला असताना सलाइन व रक्तदाब वाढवणारी औषधं लागतात. सरासरी रक्तदाबाचं नेहमीचं लक्ष्य ६५ मि.मी. पारा. त्याआधीच मूत्रल दिलं तर रक्तातलं पाणी आणखी घटतं आणि मूत्रपिंडाला रक्त कमी पोहोचतं. दाब सावरल्यावर, फुप्फुसांत पाणी किंवा अंगावर सूज असेल तेव्हा मूत्रलाची वेळ येते.

इजा वाढेल का याचा अंदाज घेणाऱ्या ‘फ्युरोसेमाइड स्ट्रेस टेस्ट’ला ‘ताण चाचणी’ म्हणू नका, हृदयाची वाटेल. ‘फ्युरोसेमाइड प्रतिसाद चाचणी’ बरं. शिरेतून किलोमागे १ मि.ग्रॅ.; आधीच्या आठवड्यात हे औषध मिळालं असेल तर १.५. दोन तासांत लघवी २०० मिलीपेक्षा कमी आली तर इजा पुढच्या टप्प्यात जाण्याची शक्यता मोठी, डायलिसिसची तयारी ठेवायची. मात्र पाणी कमी पडलेल्या रुग्णावर ही चाचणी करायची नाही.

प्रश्नकर्ता : ‘प्रतिसाद न देणं’ला ‘औषध लागू न पडणं’ चालेल?

उत्तर ३ : चालेल. औषध रक्तातून मूत्रनलिकेच्या आत स्रवलं तरच काम करतं. इजा झालेल्या नलिकेत ते कमी पोहोचतं, म्हणून डोस वाढवावा लागतो. मोठा डोस मिनिटाला ४ मि.ग्रॅ.पेक्षा वेगाने देऊ नये, कानात आवाज येणं किंवा बहिरेपणाचा धोका असतो. जेंटामायसिन, अ‍ॅमिकासिन ही प्रतिजैविकं चालू असतील तर जास्तच. पोटॅशियम आणि मॅग्नेशियमही घसरतं, ते तपासत राहावं लागतं.