आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्याला भौतिकशास्त्र किती हवं?

रेखाटन:
आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांनी भौतिकशास्त्र गणितासकट शिकायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे. 'आकडेमोड इंजिनिअर बघेल' हे ऐकून ऐकून वैताग आलाय. रुंदी तीच ठेवून बीमची (तुळईची) डेप्थ, म्हणजे उभी जाडी, दुप्पट केली की ताठपणा आठपट होतो. उलट बीम तोच, दर मीटरचा भारही तोच, पण स्पॅन, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, दुप्पट केला तर तो सोळापट वाकतो. आता स्पॅन कोण ठरवतं? आपणच, तेही पहिल्या स्केचमध्ये. इंजिनिअरपर्यंत ड्रॉइंग पोचतं तोवर निम्मा निकाल लागलेला असतो.

कोरा कागद:
असहमत. हे दोन नियम तुम्ही चार ओळींत सांगितलेत, त्यासाठी वर्षभर सूत्रं घोकायची काय गरज? १९८१ साली कॅन्सस सिटीत एका हॉटेलातले टांगते पूल कोसळून ११४ माणसं गेली. दोन्ही पूल पेलणाऱ्या सलग सळईच्या जागी दोन वेगळ्या सळया आल्या आणि वरच्या पुलाच्या जोडावर दुप्पट भार पडला. ही चूक इंजिनिअरिंगच्या बाजूची होती, म्हणजे ज्यांना भौतिकशास्त्र येतं त्यांचीच. विद्यार्थ्याचा वेळ जागा, माणसं, उजेड समजून घेण्यात जाऊ दे.

रेखाटन:
अहो, उजेड म्हणजे भौतिकशास्त्रच! लंडनमधल्या २० फेनचर्च स्ट्रीट या इमारतीच्या अंतर्वक्र काचेने २०१३ मध्ये ऊन रस्त्यावर एकवटलं आणि उभ्या गाडीचे भाग वितळले. इमारतीचा आकार हा आर्किटेक्टचा निर्णय असतो.

घुमट:
मला दोघांचंही अर्धंच पटतं. आमच्या पहिल्या वर्षाच्या पेपरात लंबक होता, लोलक होता. सभागृहात आवाज का घुमतो, याचा पत्ता नव्हता. भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबिन यांनी १८९५ मध्ये हार्वर्डच्या एका व्याख्यानगृहात, जिथे बोललेलं नीट कळतच नव्हतं, खुर्च्यांच्या गाद्या आणून टाकत आवाज विरायला लागणारा वेळ मोजला. त्यातून सूत्र निघालं: खोलीचं घनफळ वाढलं की घुमणं वाढतं, आवाजाचं शोषण वाढलं की कमी होतं. ऑडिटोरियम डिझाइन करताना हे हाताशी असतं तर छताची उंची नुसती डोळ्यांना बरी दिसते म्हणून ठरवली नसती. भौतिकशास्त्र हवंच, पण स्टुडिओत (डिझाइनच्या तासाला), चालू प्रोजेक्टवर.

कोरा कागद:
स्टुडिओत शिकवायला माझी हरकत नाही. पण ज्युरीत, म्हणजे डिझाइन परीक्षकांसमोर मांडताना, छताच्या उंचीचं गणित कुणी विचारतं का? तिथे विचारलं जात नाही तोवर विद्यार्थी ते करणार नाहीत.