घरची बिनविषाची भाजी: तुम्ही का लावता? अनुभव लिहा

मंडळी, गच्चीत, बाल्कनीत, परसात, जिथे जमेल तिथे रासायनिक खत-औषधाशिवाय भाजी लावणाऱ्यांसाठी हा धागा. कशी लावता यावर पुष्कळ बोलून झालंय. का लावता, ते लिहा. सुरुवात मी करते.

लेकीचं उष्टावण झालं आणि पालकाची जुडी हातात घेऊन मी थबकले. तीन पाण्यांनी धुतली, मिठाच्या पाण्यात ठेवली, तरी मनाची खात्री होईना. पालक महिन्याभरात कापायला येतो, मग घरीच का नको? दोन क्रेटांत पालक आणि मेथी पेरली. आज लेक चार वर्षांची आहे आणि कढीपत्त्यावरच्या अळ्या मोजणं हे तिचं सकाळचं काम. अळी लहान असताना पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की पानासारखी हिरवी होते. बोट लावलं की डोक्यामागून केशरी-लाल शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. पुढे तिचं फुलपाखरू होतं. एक कुंडी आम्ही अळ्यांसाठीच सोडली आहे.
– पुणे

आम्ही कापूसवाले. २०१७ मध्ये आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेकडो लोकांना विषबाधा झाली, कित्येक दगावले. आमच्याकडे त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, पंपाचा फवारा सरळ तोंडावर यायचा. आमच्या वावरात फवारणारे काका दवाखान्यात होते. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं त्यांच्या. बाबा रोज डबा घेऊन जायचे.

तोवर बरबटी, भेंडी, अंबाडी पऱ्हाटीच्या मधातच असायची. फवारणीनंतर आठ दिवस आई तोडायची नाही, एवढंच पथ्य. त्या दिवाळीनंतर बाबांनी विहिरीजवळचा तुकडा वेगळा काढला. वांगे, टमाटे, सांभार, पालक. तिथे पंप न्यायचाच नाही. मावा दिसला की निंबोळी अर्क: लिटरभर पाण्याला ५० ग्रॅम निंबोळ्या कुटून रात्रभर भिजवायच्या, फडक्यातून गाळायच्या, थोडं साबणाचं पाणी घालून संध्याकाळी मारायचं. कापूस अजून फवारावाच लागतो, ते मला डाचतं. काकांच्या घरची भाजीसुद्धा आता त्याच तुकड्यातून जाते.
– यवतमाळ

ताई, वाचून गलबलून आलं. आमचं कारण त्यापुढे फार लहान आहे. चौथ्या मजल्यावर बाल्कनी, ड्रममध्ये दुधीचा वेल. फुलं यायची आणि गळायची. मग सासूबाईंनी दाखवलं: ज्या फुलामागे बोटभर दुधी असतो ती मादी. दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं, तेव्हा नराचं फूल तोडून त्याचे परागकण मादीवर अलगद टेकवायचे. तिसऱ्या दिवशी दुधी फुगायला लागला. सासरे गेल्यापासून सासूबाई खोलीबाहेर येत नव्हत्या. आता दिवेलागणीला बाल्कनीत असतात. माझ्यासाठी हेच कारण.

एक मात्र सांगते, घरचा असला तरी दुधी शिजवण्याआधी फोड चाखा. कडू लागला तर टाकून द्या, त्याने जिवावर बेतू शकतं.
– डोंबिवली

अंबाडी! न्यू जर्सीत मनासारखी मिळत नाही, म्हणून लावते. थंडी सरली की मेच्या अखेरीस रोपं बाहेर ठेवायची. भाकरी, अंबाडीची भाजी, वर लसणाची फोडणी. बास.
– एडिसन

आमच्या परसात तांबडी भाजी, मुळा, अळू. अळवाला न्हाणीघराचं पाणी जातं, पण साबणाचं नाही. आई माव्यावर चुलीची राख टाकायची, मीही तेच करतो. लावतो ते मुख्यतः बियाण्यासाठी. बाजारातल्या संकरित वाणाचं बी धरलं तर पुढच्या वर्षी तसंच पीक येत नाही. आमचा दोडका आजीच्या वेळचा आहे. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांना गावठी बियाणं जपल्याबद्दल पद्मश्री मिळाली तेव्हा आईला केवढा आनंद झाला होता! ती दर वर्षी पहिला चांगला दोडका वेलावरच वाळू द्यायची. हलवला की आत बिया खुळखुळतात, मग उतरवायचा. यंदाचे तीन दोडके चुलीवरच्या आढ्याला टांगलेत. कुणाला बी हवं असेल तर सांगा, मिरगाआधी पाठवतो.
– रत्नागिरी

मला हवंय, काका. दहा बिया पुरेत. विहिरीच्या काठाला मांडव घालू.
– यवतमाळ