मदत हवी आहे: नमपायमध्ये (पायथनची आकडेमोडीची लायब्ररी) कमीजास्त लांबीचे अ‍ॅरे एकत्र कसे करायचे?

मंडळी, जरा अडकलोय. रोजच्या पावसाचे आकडे महिन्यावार वेगळ्या अ‍ॅरेत (म्हणजे आकड्यांच्या रांगेत) आहेत, जूनचे ३०, जुलैचे ३१, फेब्रुवारीचे २८, आणि मला १२ ओळींचा एकच टेबल हवाय. व्हीस्टॅक (ओळी एकाखाली एक रचणारं फंक्शन) केलं की लांबी जुळत नाही म्हणून एरर. अ‍ॅरे बनवायला सरळ लिस्ट दिली तर आधी नुसती वॉर्निंग यायची, नमपायचं १.२४ व्हर्जन टाकल्यापासून थेट व्हॅल्यूएरर! डीटाइप (खान्यातल्या डेटाचा प्रकार) ऑब्जेक्ट केलं तर बनतं पण एकेका खान्यात अख्खा महिना बसतो आणि सरासरीची वाट लागते. शून्य भरायचं नाहीये, कारण शून्य म्हणजे त्या दिवशी पाऊस नाही असा अर्थ होईल ना. सध्या नॅनने (म्हणजे 'आकडा नाही' अशा खुणेने) भरलेला १२ बाय ३१ अ‍ॅरे करून लूपने ओळी टाकतोय, सरासरीला नॅनमीन, म्हणजे नॅन वगळून सरासरी काढणारं फंक्शन. चालतंय, पण लूपशिवाय काही सुटसुटीत जमेल का, की पांडाजच (टेबलांसाठीची पायथन लायब्ररी) घेऊ?