अनुभव धागा: जुन्या बोटीच्या इंजिनाचा सेल्फ (स्टार्टर मोटर) बदलणे आणि वायरिंग

खाडीकाठ
आज बंदरात एका जुन्या लेलँड इंजिनाचा 'टक्' ऐकू आला. चावी फिरवली की नुसता टक्, पुढे काही नाही. आवाज ओळखीचा वाटला आणि धागा काढावासा वाटला. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बोटी वर ओढलेल्या, म्हणजे सेल्फ खोलायचे हेच दिवस. ज्यांनी ही कामं केली आहेत त्यांनी लिहा. किस्से नकोत, काय मोजायचं, काय बदलायचं तेवढं सांगा.

माझ्याकडून सुरुवात. टक् झाला म्हणजे सेल्फ गेला असं नाही. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या प्लस खांबावर (क्लॅम्पवर नाही, खांबावर), दुसरी सेल्फच्या मोठ्या स्टडवर (जाड केबल बसते तो बोल्ट). इंजिन लागू नये म्हणून स्टॉप लीव्हर ओढून ठेवा आणि कोणाला तरी चावी मारायला सांगा. १२ व्होल्टच्या बोटीत ०.५ व्होल्टच्या वर आकडा आला तर दोष वाटेतच, केबल-सांध्यात आहे. मग मायनस खांब ते सेल्फची बॉडी, तिथे ०.३ च्या आत हवा. दोन्ही ठीक, बॅटरी ९.६ व्होल्टच्या खाली जात नाही आणि तरी सेल्फ फिरत नाही, तेव्हाच पान्हा हातात घ्या.

मालवणी खाजा
आमच्याकडे मिस्त्री पयलो टर्मिनला घासता, मगे सेल्फाक हात लावता. अर्धी कामां थंयच संपतत.

डिझेल भाऊ
+१. आणि सेल्फला दोष देण्याआधी इंजिन हाताने फिरतंय का बघा. ओला एक्झॉस्ट असलेल्या बोटीत सुरू न होणाऱ्या इंजिनाला बराच वेळ सेल्फ मारला की समुद्राच्या पाण्याचा पंप मफलर भरत राहतो. ते पाणी उलटं सिलिंडरमध्ये शिरतं आणि पिस्टन अडकतो. आवाज तसाच, टक्. वर आणखी चावी मारलीत तर कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून चाचणीपुरता पाण्याचा व्हॉल्व्ह बंद, आणि इंजिन लागल्या लागल्या उघडायचा, नाहीतर पंपाचं रबर इंपेलर जळतं. एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ नको, मध्ये मिनिटभर थांबा.

रत्नांग्रीकर
काढताना: आधी मायनस. फोटो काढा. पातळ वायरींना टेप लावून खुणा करा. खालचा बोल्ट आधी ढिला करा, वरचा शेवटी, आणि खाली लाकूड किंवा दोरीचा आधार. सहा सिलिंडरचा सेल्फ एका हातात पेलत नाही, बोटं चेंगरतात.

जुना बाहेर आला की नवा लगेच ठोकू नका. शेजारी शेजारी ठेवा: व्होल्टेज, पिनियनचे (सेल्फच्या टोकाच्या दातेरी चाकाचे) दाते मोजून, फिरण्याची दिशा, बोल्टांमधलं अंतर, फ्लँजपासून (इंजिनाला टेकणाऱ्या कडेपासून) पिनियनची खोली. दुकानदाराचं "हाच लागतो" पुरेसं नाही.

मग त्या भोकातून टॉर्च मारून फ्लायव्हीलची (इंजिनाच्या जड चाकाची) दातेरी रिंग पूर्ण फिरवून बघा. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना बहुतेक दोनच जागी थांबतं, त्यामुळे तिथलेच दाते खाल्ले जातात. नव्या पिनियनलाही ती रिंग खाणार. गिअरबॉक्स उतरवणार असाल तर रिंग सगळीकडून सारखी तापवून काढा आणि ९० अंश फिरवून बसवा, चांगले दाते पुढे येतात. सहा सिलिंडरला ६० अंश. लाल होऊ देऊ नका, दात्यांचा कडकपणा जातो.

सुरमई_फॅन
बंदीच्या दिवसांत सुका बांगडा कुठे चांगला मिळेल? 🙈

मालवणी खाजा
सुरमई, व्यनि (खाजगी निरोप) करतंय. सेल्फाच्या धाग्यार भूक लागली काय 😂

टेस्ट लॅम्प
वायरिंगवर कोणी बोललंच नाही, खरी गोम तिथेच असते.

केबिन ते इंजिनरूम चावीची वायर १० मीटर, २.५ चौरस मिमीची. सोलेनॉइड (सेल्फवरचा चुंबकी स्विच) खेचताना समजा ४० अँपिअर घेतो. वायरचा रोध ०.०६९ ओहम, म्हणजे २.७ व्होल्ट वाटेतच गेले. सोलेनॉइडला उरले नऊ-साडेनऊ, तो कसा ओढणार? लोक सेल्फ बदलतात, नवा थोडे दिवस चालतो (संपर्क नवे असतात ना), पुन्हा टक्.

उपाय: सेल्फजवळ रिले (थोड्या करंटवर चालणारा स्विच). आकडे त्याच्या पिनांवर लिहिलेले असतात. चावीची वायर ८६ ला, ८५ मायनसला, ३० ला बॅटरीच्या प्लसवरून फ्यूजमधून ६ चौरस मिमी, ८७ वरून तेवढीच सोलेनॉइडच्या ५० नंबरच्या टोकाला. बोट २४ व्होल्टची असेल तर रिलेची कॉइल २४ चीच घ्या.

बॅटरी ते सेल्फ जाड केबल: जाऊन-येऊन ६ मीटर, ४०० अँपिअर. ३५ चौरस मिमीत सुमारे १.२ व्होल्ट पडतात, ७० मध्ये ०.६. पैसे इथे घाला, कथील चढवलेलं तांबं घ्या. लग (केबलच्या टोकाचा डोळा) दाबून बसवा. नुसता डाग (सोल्डर) दिलेला सांधा तापला की सुटतो आणि कंपनाने तार डागाच्या कडेला तुटते.

खाडीकाठ
मस्त. एक भर: मोठ्या स्टडचा नट आवळताना मागचा नट दुसऱ्या पान्ह्याने धरा. स्टड फिरला की बेकेलाइटची टोपी तडकते. आणि सेल्फ बसतो त्या तोंडावर रंग नको. बॉडी अर्थ असलेल्या सेल्फला तीच मायनसची वाट. हौशी रंगारी तिथेही ब्रश फिरवतात.

थेम्सकाठचा मराठी
इथे जुन्या पर्किन्स इंजिनांना हल्ली गिअर रिडक्शनवाला सेल्फ लावतात. हलका, करंटही कमी. पण सोलेनॉइड ब्लॉकला घासतो का ते बघून फ्लँज फिरवून घ्यावा लागतो. लोखंडी बोट असेल तर जुन्या सेल्फला दोन मोठे स्टड आहेत का बघा. असतील तर मायनस बॉडीपासून वेगळा ठेवलेला आहे. तिथे साधा सेल्फ लावू नका, तळाच्या पत्र्याला गंज लागायची सोय होईल.

डिझेल भाऊ
२४ व्होल्टवाल्यांनो, फिशफाइंडर आणि वायरलेससाठी दोनपैकी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढू नका!! ती कायम अर्धपोटी, दुसरी जास्त चार्ज होऊन उकळते. हायड्रोमीटरने बघा, एक १.२६ आणि दुसरी १.१८ असं दिसलं की समजा. २४ ते १२ चा कन्व्हर्टर लावा.

पालशेतची ताई
घरचे बोटीवर आहेत, त्यांना वाचून दाखवतेय. कार्बन (ब्रश) बदलले तर सेल्फ वाचतो का? आणि बेंडिक्सला (पिनियन पुढे-मागे सरकवणाऱ्या भागाला) ग्रीस किती?

रत्नांग्रीकर
ताई, कॉम्युटेटर (कार्बन घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल) गुळगुळीत असेल, बुश ढिले नसतील तर वाचतो. तांब्याच्या पट्ट्यांमधला अभ्रक पट्ट्यांच्या खाली खरवडून घ्यायचा, नाहीतर नवे कार्बन ठिणग्या टाकतात. पितळी बुश बसवण्याआधी रात्रभर इंजिन ऑइलमध्ये ठेवा. बेंडिक्सला जाड ग्रीस नकोच, धूळ धरते आणि पिनियन मागे यायचं विसरतो. स्प्लाइनला (दांड्यावरच्या खाचांना) पातळ थर पुरे.

सुरमई_फॅन
बांगडा मिळाला. रिले कुठे बसवायचा हे राहिलं की, टेस्ट लॅम्प दादा?

टेस्ट लॅम्प
इंजिनावर नाही, कंपनाने जातो. लाकडी भिंतीवर, तळातल्या पाण्यापासून जमेल तितका उंच, पिना खाली तोंड करून. आणि वायर खालून वर चढवा, वरून आली तर पाणी तिच्यावरूनच रिलेत उतरतं.