'रिस्पेक्ट' नक्की कुणाचं?
कव्हर, म्हणजे दुसऱ्याचं गाणं पुन्हा आपल्या आवाजात गाणं, ही शेवटी नक्कलच, त्याला मूळ गाण्याची सर नाही, असं काही जण म्हणतात; मला ते काही पटलं नाही. 'रिस्पेक्ट' हे गाणं घ्या. अमेरिकन गायक ओटिस रेडिंगनं ते १९६५ मध्ये स्वतः लिहून गायलं. घरी परतणारा पुरुष बायकोकडे मान मागतोय, असा सगळा सूर. गाणं झकासच आहे, पितळी वाद्यांचा जोर तर काय सांगावा!

पण १९६७ मध्ये अमेरिकन गायिका अरीथा फ्रँकलिननं तेच बाईच्या तोंडी घातलं आणि अर्थच उलटला. 'आर-ई-एस-पी-ई-सी-टी' हे एकेक अक्षर सुटं करून गाणं तिचंच; ओटिसच्या रेकॉर्डमध्ये ते नाहीच. साथीला तिच्या सख्ख्या बहिणी. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरीच्या संगीत महोत्सवात ओटिसनं हसतहसत कबूलही केलं, की हे गाणं एका मुलीनं माझ्याकडून पळवलं.

गंमत म्हणजे अमेरिकेत रेडिओवर गाणं वाजलं की मानधन गीतकार-प्रकाशकाला मिळतं, गायकाला नाही. त्यामुळे वाजत राहिली अरीथा, रॉयल्टी मात्र ओटिसच्या नावावर.

मी ओटिसचं बऱ्याच उशिरा ऐकलं. खरं सांगतो, आधी तेच कव्हर वाटलं होतं.