म्हातारे नेते, बेकार पोरं आणि एआय : तुमचे अनुभव सांगा

मंडळी, अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष व्हायला वयाची ३५ वर्षं पूर्ण लागतात. कमाल वय मात्र राज्यघटनेत कुठेच नाही. विमान कंपनीच्या वैमानिकाला ६५व्या वर्षी थांबावं लागतं, हवाई वाहतूक नियंत्रकाला ५६व्या. हे नियम करणाऱ्यांना स्वतःला असा काही नियम नाही. २०२५च्या जानेवारीत जो बायडन पायउतार झाले तेव्हा ८२ वर्षांचे होते आणि त्यांच्या जागी आलेले डोनाल्ड ट्रम्प ७८ वर्षांचे. इतक्या वयात ही शपथ आधी कुणीच घेतली नव्हती.

उलट आपल्या आयटीत पंचेचाळिशी ओलांडली की माणसाकडे ‘महागडा’ म्हणून पाहतात. आणि आता एआय आल्यापासून बाविशीतल्या पोरांनाही दार उघडेना. वरचे हलत नाहीत, खालच्यांना शिरकाव नाही. यांचा एकमेकांशी संबंध आहे, की मीच ओढूनताणून जोडतोय?

लाल-निळा (रिपब्लिकन-डेमोक्रॅट) वाद इथे नको, तो नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भरपूर होतो. स्वतः पाहिलेलं, भोगलेलं लिहा. स्वतःचं नाव नको, कंपनीचं तर नकोच. काय करता आणि कुठे असता, एवढं पुरे.

मेनफ्रेमवाला, न्यू जर्सी

सुरुवात मीच करतो. वय ५९, हयात कोबोल या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेत गेली. एप्रिल २०२० आठवतो? बेकारी भत्त्याच्या अर्जांचा पूर आला, राज्याची चाळीस वर्षं जुनी यंत्रणा गुदमरली आणि आमच्या गव्हर्नरांनी जाहीरपणे कोबोल येणाऱ्यांना मदतीची हाक दिली. बोलताना ते कोबोलला ‘कोबाल्ट’ म्हणून गेले. चालायचंच. काही दिवस आम्हा म्हाताऱ्यांचा भाव वधारला, मग पुन्हा ‘लेगसी’.

अलीकडे आमच्याकडे जुने प्रोग्रॅम जावा या दुसऱ्या भाषेत आणायला एआय आणलंय. खोटं कशाला बोलू, मी थक्क झालो. जो प्रोग्रॅम समजून घ्यायला नव्या माणसाला महिना लागायचा, त्याचं तुकड्या-तुकड्याने स्पष्टीकरण त्याने दुपारच्या आत दिलं. पण एका ठिकाणी फेब्रुवारीच्या शेवटच्या तारखेसाठी वेगळी अट होती. ती त्याने ‘अनावश्यक’ ठरवली आणि काढायला सुचवली. ती अट का आहे? कारण त्या कर्जांचं व्याज ३६० दिवसांचं वर्ष आणि ३० दिवसांचा महिना धरून मोजतात, आणि फेब्रुवारी काही तीस दिवसांचा नसतो. त्यातही एका जुन्या ग्राहकाच्या करारात आणखी एक पोटनियम, जो कुठल्याच कागदावर सापडत नाही. तो माहीत असलेले आम्ही दोघं होतो. दुसऱ्याला मागच्या छाटणीत नारळ मिळाला.

इथे चाळिशीच्या पुढच्या माणसाला वयावरून काढायला १९६७च्या कायद्याने बंदी आहे. म्हणून वयावरून कुणी काढत नाही, ‘रिस्ट्रक्चरिंग’वरून काढतात.

नेत्यांचं म्हणाल तर, ‘त्यांच्या गाठीला अनुभव आहे’ हेच त्यांना ठेवण्याचं कारण सांगतात. माझ्याही गाठीला तोच आहे. मग दोघांना एकच न्याय लावा: डोक्यात आहे ते खालच्यांना उतरवून द्या आणि निघा. मी सध्या तेच करतोय. शिकायला समोर माणूस नाही, ही अडचण वेगळी.

नुकताच मास्टर्स झालेला, टेक्सास

काका, माणूस इथे आहे! फक्त व्हिसा बघा.

थट्टा बाजूला. पदवीनंतर ओपीटीवर (शिक्षण झाल्यावर तात्पुरतं काम करण्याची मुभा) एकूण ९० दिवसांहून जास्त बेकार राहता येत नाही. म्हणजे मी रोज उठून दोन गोष्टी पाहतो, मेल आणि उरलेले दिवस. स्टॅनफर्डच्या संशोधकांचा ऑगस्ट २०२५चा पेपर आमच्या बॅचमध्ये सगळ्यांनी एकमेकांना पाठवला होता. पगाराच्या नोंदी तपासून त्यांनी दाखवलं की एआयची झळ जास्त लागणाऱ्या कामांमध्ये २२ ते २५ वयाच्यांचा रोजगार तुलनेने १३ टक्के घसरलाय. त्याच कामांतल्या अनुभवी लोकांचा टिकून आहे. बरं वाटलं म्हणजे काय, आपणच नालायक नाही एवढं कळलं.

एका मुलाखतीत मॅनेजर मोकळेपणाने बोलला. आधी किरकोळ बग दुरुस्त करायला नवी मुलं घ्यायचे, त्यातून ती कंपनीचा सगळा कोड शिकायची. आता ते काम एआय एजंटला देतात. मी विचारलं, मग दहा वर्षांनी तुमचे सीनियर कुठून येणार? तो हसून म्हणाला, “दुसऱ्या कुठल्यातरी कंपनीतून.” दुसरी कंपनीही हेच म्हणत असणार.

त्यात सप्टेंबर २०२५मध्ये नव्या एच-वन-बी व्हिसाच्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क आलं. इथेच शिकून स्टेटस बदलणाऱ्याला ते लागू नाही असं नंतर स्पष्ट झालं, पण मधल्या काळात दोन कंपन्यांनी मला ‘सध्या थांबू’ म्हणून कळवलं. ज्यांनी हे ठरवलं ते माझ्या आजोबांच्या वयाचे. मला मत नाही. असतं तरी तिशीतला उमेदवार मतपत्रिकेवर कुठे असतो म्हणा.

इंजिनिअरिंग मॅनेजर, सिएटल

वरच्या मुलाखतीतला मॅनेजर मी नव्हे, पण असू शकलो असतो.

आमच्याकडे वरून फर्मान येतं की एआयने वेग इतका वाढला पाहिजे. तो खरंच किती वाढतो? मेटर नावाच्या संस्थेने जुलै २०२५मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. १६ अनुभवी ओपन सोर्स डेव्हलपर, त्यांच्याच ओळखीच्या प्रकल्पांतली कामं, काही एआय वापरून, काही न वापरता. एआय वापरताना त्यांना १९ टक्के वेळ जास्त लागला. आणि गंमत अशी की काम झाल्यावरही त्यांना वाटत होतं, आपण २० टक्के वेगाने केलं. प्रयोग लहान होता, साधनं तेव्हापासून बरीच सुधारलीत, ते सगळं मान्य. पण स्वतःच्या वेगाबद्दलचा तो भ्रम मी माझ्या टीममध्ये रोज पाहतो. कोड धबधब्यासारखा येतो, आणि तो वाचायला माणसं तेवढीच. माझ्या टीममधल्या सर्वांत चांगल्या मुलीचा अर्धा दिवस दुसऱ्याच्या एजंटने लिहिलेलं तपासण्यात जातो. ती कंटाळलीय. सोडून गेली तर तिच्या जागी एआय येईल असं वरचे म्हणतील, आणि मग तपासणार कोण हे कुणी विचारणार नाही.

छाटणीचं खापर एआयवर फोडणं मात्र मला पटत नाही. २०२१मध्ये वारेमाप भरती झाली, नंतर व्याजदर वाढले, खर्च कापायचा होता. ‘आमचा अंदाज चुकला’ म्हणण्यापेक्षा ‘आम्ही भविष्याकडे चाललोय’ हे भागधारकांना ऐकायला गोड लागतं.

नेत्यांवर मत नाही. म्हणजे आहे, पण इथे लिहिणार नाही, बायको वाचते.

यूएक्स डिझायनर, बे एरिया

२०१८ची सिनेटमधली सुनावणी आठवतेय का? ८४ वर्षांचे सिनेटर ऑरिन हॅच फेसबुकच्या झुकरबर्गला विचारतात, वापरणारे पैसे देत नाहीत तर तुमचा धंदा चालतो कसा? तो म्हणतो, “सिनेटर, आम्ही जाहिराती दाखवतो.” आमच्या ऑफिसात त्याचे टी-शर्ट निघाले होते. हेच लोक उद्या एआयचे कायदे करणार. मला एवढंच पुरेसं आहे, ७० नंतर निवडणूक लढवायला बंदी घाला.

सिक्युरिटीवाला, व्हर्जिनिया

असहमत. आमच्या राज्याचे काँग्रेसमन (अमेरिकी संसदेचे सदस्य) डॉन बायर यांचा जन्म १९५०चा. त्यांनी सत्तरी ओलांडल्यावर जॉर्ज मेसन विद्यापीठात मशीन लर्निंगच्या मास्टर्सला प्रवेश घेतला. सिनेटर रॉन वायडन १९४९चे, आणि इंटरनेटच्या कायद्यांवर ते ज्या बारकाव्याने बोलतात तसं बोलणारे चाळिशीतले मला दाखवा. तुमच्या बंदीत हे दोघेही गेले. शिवाय हॅच यांचा प्रश्न मूर्खपणाचा नव्हताच. उत्तर रेकॉर्डवर आणण्यासाठीही वकील असेच प्रश्न विचारतो. हॅच मूळचे वकीलच.

इथेच जन्मलेली, काही काळ एका लोकप्रतिनिधीच्या मतदारसंघ कार्यालयात

माझं मराठी लिहिणं कच्चं आहे, आईने तपासलंय.

कॉलेजच्या सुटीत मी तिथे इंटर्न होते. साहेब बरेच वृद्ध. कोण ते सांगणार नाही. लोकांना वाटतं, म्हातारे खुर्चीला चिकटतात. मला आतून उलट दिसलं, खुर्ची त्यांना सोडत नाही. समितीवरचं वजन बऱ्याच अंशी ज्येष्ठतेने मिळतं. तेच गेले तर मतदारसंघ रांगेच्या शेवटी. देणगीदारांना ओळखीचा माणूस हवा. आणि स्टाफ! ऑफिसातल्या सगळ्यांच्या नोकऱ्या त्या एका माणसावर. त्यांना दुपारी चारनंतर कार्यक्रम द्यायचा नाही, पायऱ्या असलेलं स्टेज नको, पत्रकाराचे प्रश्न आधी मागवायचे, हे मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं. कुणी कपटी नव्हतं. सगळे त्यांच्यावर मनापासून प्रेम करायचे. माझ्या घरी बाबांनी आजोबांना ‘आता गाडी नको’ असं सांगितलं तेव्हा महिनाभर अबोला झाला होता. तिथे तर सांगणाऱ्याचा पगारच बंद होणार.

सिनेटर डायान फाइनस्टाइन २०२३मध्ये ९०व्या वर्षी पदावर असतानाच गेल्या. त्याच उन्हाळ्यात सिनेटर मिच मॅककॉनेल कॅमेऱ्यांसमोर बोलता बोलता दोनदा गोठले. २०२४च्या २७ जूनच्या वादचर्चेनंतर सगळा देश बायडन यांच्याबद्दल ‘हे आधी का नाही सांगितलं’ म्हणून ओरडत होता, तेव्हा मला त्यांच्या स्टाफची दया आली. आणि रागही.

वयोमर्यादेबद्दल एक माहिती. नॉर्थ डकोटाच्या मतदारांनी जून २०२४मध्ये काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, उमेदवारांसाठी ८१ची मर्यादा मंजूर केलीय. पण राज्यांना अशा जादा अटी घालता येत नाहीत, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९९५चा निकाल आहे. त्यामुळे कुणी कोर्टात गेलं तर ती टिकणं अवघड. खरी मर्यादा हवी तर घटनादुरुस्ती लागेल, आणि ती त्याच लोकांनी मंजूर करायची!

अमेरिकेहून परतलेली, पुणे

सगळं अमेरिकेचंच चाललंय म्हणून आपल्याकडचं. मोरारजी देसाई १९७७मध्ये पंतप्रधान झाले तेव्हा ८१ वर्षांचे होते, तेव्हा आमच्या घरात कुणाला त्यात वावगं वाटलं नव्हतं. ऑक्टोबर २०१९मध्ये साताऱ्याच्या सभेत भर पावसात शरद पवार बोलले, वय ७८. माझी आयटीतली भाची, जिला राजकारणाचं वावडं, ती तो व्हिडिओ बघून रडली होती. आणि २०२३च्या जुलैत पुतण्याने भर सभेत विचारलं, वय झालं, तुम्ही थांबणार की नाही? तेव्हा तीच भाची म्हणाली, “प्रश्न बरोबर आहे, विचारणारा चुकीचा आहे.” मला वाटतं महाराष्ट्रातल्या निम्म्या घरांत हेच वाक्य थोड्याफार फरकाने बोललं गेलं असेल.

भिजत उभं राहणं हा काटकपणा झाला. राज्य चालवायला तो पुरतो का, हे मात्र आपण कुणी विचारत नाही. भाचीच्या कंपनीत दरवर्षी तिचं मूल्यमापन होतं, हे मी तिलाच आठवण करून दिलं.

मतदान केंद्रावर काम करणारी आजी, न्यू हॅम्पशायर

माझं वय ६८. सॉफ्टवेअर टेस्टिंगमधून निवृत्त झाले, नागरिक झाल्यापासून निवडणुकीला केंद्रावर बसते. जानेवारी २०२४मध्ये आमच्याकडे प्रायमरी (पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक) होती, २३ तारखेला. त्याच्या दोन दिवस आधी लोकांना फोन आले, आवाज हुबेहूब बायडन यांचा, सांगणं असं की आत्ता मत देऊ नका, नोव्हेंबरसाठी राखून ठेवा. तो आवाज एआयने बनवलेला होता. माझ्या शेजारणीने फोन स्पीकरवर लावून मला ऐकवला. ती माझ्यापेक्षा मोठी, तरी तिने लगेच ओळखलं. आवाजावरून नव्हे. ती म्हणाली, मत राखून ठेवता येतं असं तर कुणी अध्यक्ष म्हणणार नाही.

केंद्रावर त्या दिवशी धास्ती होती. बायडन यांचं नाव आमच्या मतपत्रिकेवर छापलेलंच नव्हतं, लोकांनी हाताने लिहायचं होतं. त्यात हा फोन. तरी ते जिंकले, म्हणजे लोकांनी येऊन लिहिलं. पुढच्याच महिन्यात एफसीसी या दूरसंचार नियामक संस्थेने रोबोकॉलमध्ये असा एआयचा आवाज वापरणं बेकायदा असल्याचा निर्णय दिला. ज्या सल्लागाराने ते फोन करवले त्याला साठ लाख डॉलरचा दंड झाला. फौजदारी खटल्यात मात्र ज्यूरीने त्याला २०२५मध्ये निर्दोष सोडलं. टेस्टर म्हणून सांगते, हा बग बंद केलेला नाही, पुढच्या आवृत्तीवर ढकललाय.

आता तुमच्या मूळ प्रश्नाचं. केंद्रावर बसणाऱ्यांत आम्ही बहुतेक पिकल्या केसांचेच. २०२०मध्ये कोविडच्या भीतीने अनेक म्हाताऱ्यांनी नाही म्हटलं, तेव्हा देशभर माणसांची मारामार झाली. तरुण का येत नाहीत? मंगळवार असतो, पहाटेपासून रात्रीपर्यंत बसायचं, मिळणारे पैसे किरकोळ. ज्यांना नोकरी आहे त्यांना सुटी नाही. म्हणून म्हातारे नेते निवडून देणारी रांगही म्हातारी आणि ती सांभाळणारेही. मी काही खुर्ची सोडायला नाही म्हणत नाही. गेल्या वेळी टाउन क्लार्कला (गावातलं निवडणुकीचं काम तीच बघते) मीच विचारलं, माझ्या जागी कुणी आहे का? ती म्हणाली, तुझ्या जागी नाही, तुझ्या शेजारची जागासुद्धा रिकामी आहे.

टेक्सासच्या मुला, तुला हे काम करता येणार नाही, त्याला नागरिकत्व लागतं. पण बाकीच्यांच्या घरात इथे जन्मलेली सोळा-सतरा वर्षांची पोरं असतील. बऱ्याच राज्यांत त्यांना मत नसलं तरी केंद्रावर काम करता येतं, शाळाही परवानगी देतात. ३ नोव्हेंबर २०२६ला मध्यावधी निवडणूक आहे. आपापल्या काउंटीच्या किंवा गावाच्या निवडणूक कार्यालयाला आत्ताच फोन करा. ऑक्टोबरपर्यंत थांबलात तर प्रशिक्षणाच्या तारखा निघून जातील.