बारवेच्या त्रिमितीय मेशचा छेद दरवेळी का फसतो?

प्रश्न
सातारा जिल्ह्यातील एका बारवेची ड्रोनने काढलेली छायाचित्रे जुळवून मी सुमारे ८ लाख त्रिकोणांची मेश (त्रिकोणांच्या जाळ्याने बनलेला पृष्ठभाग) तयार केली आहे. शाळेतील मुलांना पायऱ्या आणि आतील कोनाडे पाहता यावेत, म्हणून ती उभी कापून अर्धा भाग थ्रीडी प्रिंटरवर छापायचा आहे. परंतु ब्लेंडर या त्रिमितीय आकार घडवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये मेशमधून ठोकळा वजा करताच कधी सगळी मेश नाहीशी होते, तर कधी छेदाची बाजू उघडीच राहते. आपोआप दुरुस्ती करणाऱ्या साधनाने तर कोनाडेच बुजवले. फाइल बायनरी एसटीएल या त्रिमितीय आकार साठवण्याच्या स्वरूपात आहे. दोष कुठे शोधावा?

उत्तर १
प्रथम शिरोबिंदूंचे निर्देशांक पाहावेत. मेश यूटीएममध्ये (पृथ्वीवरील स्थान मीटरांत सांगणाऱ्या निर्देशांक पद्धतीत) निर्यात झाली असेल, तर साताऱ्याजवळ उत्तरेकडचा निर्देशांक १९ लाख मीटरांच्या पुढे असतो. बायनरी एसटीएल प्रत्येक निर्देशांक ३२ बिटांत साठवते आणि त्यांतील जेमतेम २४ बिट अचूकतेच्या वाट्याला येतात; त्यामुळे एवढ्या मोठ्या संख्येपाशी लगतच्या दोन किमतींत ०.१२५ मीटरचे अंतर पडते. पायरीच्या कडेचे बिंदू अशा साडेबारा सेंटिमीटरच्या टप्प्यांवर ढकलले गेले, की बारीक त्रिकोणांचे क्षेत्रफळ शून्य होते आणि शेजारचे त्रिकोण एकमेकांत घुसतात. हे नुकसान एसटीएल नंतर सरकवून भरून येत नाही. मूळ प्रकल्पातच आरंभबिंदू बारवेजवळ आणून पुन्हा निर्यात करावी, आणि तीही शक्यतो पीएलवाय या दुसऱ्या फाइल स्वरूपात, कारण कोणता त्रिकोण कोणाचा शेजारी आहे, याची नोंद एसटीएलमध्ये नसतेच.

उत्तर २
याला एक जोड देतो. छेद घेताना चौथा बिंदू तीन बिंदूंच्या प्रतलाच्या कोणत्या बाजूला आहे, हे सॉफ्टवेअरला वारंवार तपासावे लागते आणि ते एका निश्चयकाच्या (डिटर्मिनंट) चिन्हावरून ठरते. ती किंमत शून्याजवळ आली, की पूर्णांकनाच्या चुकीने चिन्ह उलटते आणि एकाच प्रश्नाची दोन परस्परविरोधी उत्तरे मिळतात. अनेक जण येथे ०.००००१ सारखी सहनसीमा (त्याहून लहान किंमत शून्यच मानायची) घालतात, परंतु माझ्या मते त्यामुळे चूक फक्त दुसरीकडे सरकते. संगणकशास्त्रज्ञ जोनाथन शूचुक यांनी १९९७ मध्ये मांडलेली पद्धत अधिक विश्वासार्ह आहे: आधी झटपट गणित करायचे, चुकीची कमाल मर्यादा तपासायची आणि शंका उरली तरच अचूकता वाढवायची. ब्लेंडरमध्ये २.९१ पासून असलेला ‘एक्झॅक्ट’ (अचूक गणिताचा) पर्याय छेदासाठी निवडावा.

प्रश्नकर्ता
निर्देशांक खरोखरच १९ लाखांच्या पुढे होते. नव्या निर्यातीनंतर पायऱ्या स्वच्छ कापल्या जातात, आपले मनापासून आभार. मात्र झुडपांखालच्या भागात भोके आहेत आणि तेथे छेद अजूनही फसतो.

उत्तर ३
बारवेचा पृष्ठभाग मुळात वरून उघडा असल्याने ‘आतील बाजू’ कोणती, हेच गणिताला ठाऊक नसते. आधी मेशच्या बाहेरील कडेला भिंती आणि तळ जोडून भोवतालच्या जमिनीचा ठोकळा करावा. उरलेल्या भोकांसाठी जेकबसन, कावन आणि सॉर्किन-हॉर्नुंग यांची २०१३ मधील व्यापक वाइंडिंग संख्येची (बिंदू आकाराच्या आत आहे की बाहेर, हे सांगणाऱ्या संख्येची) पद्धत वापरावी. त्यात प्रत्येक त्रिकोण दिलेल्या बिंदूपाशी करतो त्या घनकोनांची (त्या बिंदूपासून पाहता त्रिकोणाने व्यापलेल्या दृश्यभागांची) बेरीज ४π ने भागतात. बंद आकाराच्या आत हे मूल्य १ आणि बाहेर ० येते, भोकांजवळ ते मधले येते आणि साधारणतः ०.५ ही सीमा धरून निर्णय घेता येतो. लिबआयजीएल या भूमितीच्या प्रोग्रॅमिंग लायब्ररीत ही सोय आहे. मात्र उलटे फिरलेले (बाहेरची बाजू आत वळलेले) त्रिकोण आधी सरळ करावेत, नाहीतर बेरीज चुकते. झुडपांखाली अंदाजाने भरलेला भाग छापील प्रतीवर वेगळ्या रंगाने दाखवावा, ही आग्रहाची विनंती.